वतीने

निवडून आल्यावर शिक्का हातात आला
तेव्हा वहीच्या मागच्या पानावर तो चार वेळा उमटवून पाहिला.
सचिव, विद्यार्थी परिषद.
चौथ्या वेळी शाई फिकी पडली.

मी मतं मागितली होती वायफायवर.
खोटं का बोलू.
गिरणेच्या पुलापलीकडे, टेकडीवर, एप्रिलात
पंखासुद्धा गरम हवा वाढतो, नको म्हटलं तरी,
आणि पोरींना वायफाय हवं होतं.
मुबारक तडवी म्हणाला, आधी फॉर्म वाटू, मग मागू.
तीनशे बारा फॉर्म. शेवटचा रकाना: तक्रार.

रात्रभर वाचले.
नळ. कुत्री. वायफाय. पुनर्मूल्यांकनाची फी.
वरणात डाळ शोधून दाखवा, बक्षीस देऊ.
वायफाय. वायफाय.
एकीने बरंच काही लिहून सगळं खोडलेलं.
आणि खोली एकशे अठराचा फॉर्म,
अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं:
काही नाही.
खाली नाव, सुरकी पावरा,
गाव धडगावच्याही वर कुठेतरी.

मी तो ‘समाधानी’च्या गठ्ठ्यात ठेवला.
त्या गठ्ठ्यात तो एकच होता.

मग एका शनिवारी यावलची बस चुकली
म्हणून रविवारी मी इथेच.
रविवारी रात्री मेस बंद. नियम जुना.
करणाऱ्याला वाटलं असेल, रविवारी राहतं कोण,
पोरी घरी जातात, सोमवारी डबा घेऊन येतात,
भरीत, कळण्याची भाकरी.
मीही तशीच जात होते, तशीच येत होते.

जिन्याखाली, दिवा न लावता,
सुरकी मुरमुरे पाण्यात भिजवून खात होती.
भिजवले की फुगतात, तिने सांगितलं,
मी विचारलं नव्हतं.
गावी जायला एक दिवस, यायला एक,
आणि तिकिटाचे पैसे शिष्यवृत्तीत अडकलेले.
मग तक्रार का नाही लिहिलीस?
ती माझ्याकडे बघत राहिली.
रविवारी मेस बंद असते ना, म्हणाली.
बंद असल्याची काय तक्रार?

कुलसचिवांच्या दाराशी बसणारे जिजाबराव
पाचव्या खेपेला हसले,
काय व ताई, आखो अर्ज लयनी का?
आत लांबलचक टेबल. आम्ही टोकाला, निमंत्रित.
आमचा विषय नववा. आठव्यालाच खुर्च्या सरकू लागल्या.
किती विद्यार्थिनी?
अकरा.
अकरा जणींसाठी गॅस पेटवायचा?
माझ्याकडे दोन पानांचं भाषण होतं, घडी घातलेलं.
ते घडीतच राहिलं.
मुबारकने हिशेबाचा कागद पुढे सरकवला,
तांदूळ, मूग, एका सिलिंडरात किती रविवार,
आणि म्हणाला, सर,
मेसची फी तुम्ही महिन्याच्या तीसही दिवसांची घेता.
कुणीतरी उठून एसी वाढवला.

तत्त्वतः मान्य.
हे दोन शब्द शिजायला सात आठवडे लागले.
वायफाय अजून आलेलं नाही.
त्याबद्दल जिन्यात, पाण्याच्या रांगेत, मला बोलणी बसतात,
आणि बोलणाऱ्यांचं चुकत नाही.

अर्जाच्या तळाशी लिहायची सवय आहे,
विद्यार्थ्यांच्या वतीने.
हल्ली तिथे पेन अडतं.
ज्यांनी रकाना भरला त्यांच्या वतीने,
की जिला तो रकाना आपल्यासाठी आहे
असं वाटलंच नाही, तिच्या?
शिक्का दोन्हीवर सारखाच बसतो.

पहिल्या रविवारी खिचडी. पातळ.
अकरा ताटं, बारावं माझं, ओशाळवाणं.
सुरकीने दोन घास खाल्ले,
इकडेतिकडे पाहिलं,
मग अगदी खालच्या आवाजात,
जणू स्वतःलाच:
मीठ कमी आहे.

मी वही काढली.
तारीख घातली.